शिंगाड्याचं तळं

भागीरथाबाई उद्याही तळ्यात उतरेल, ही काळजी मालतीच्या मनातून जात नव्हती. ही ढिवरीण, म्हणजे मासे-शिंगाड्यांवर पोट भरणारी बाई, वीस वर्षांपासून छातीभर पाण्यात शिरून शिंगाडे तोडायची आणि नागपूरच्या मालतीच्या कॉलनीत दारोदार विकायची. एकाहत्तरच्या लढाईसाठी शेजारच्या कारखान्यात रात्रंदिवस तोफगोळे भरले, तेव्हापासून तिथलं पिवळं पाणी तळ्यात येत होतं. लढाई तेरा दिवसांत आटोपली. पिवळं पाणी मात्र पाच वर्षं झाली तरी थांबलं नव्हतं.

आज भागीरथाबाईने मालतीला पोटऱ्या दाखवल्या. कातडी सोलून निघाली होती.

“मग उतरता कशाला?” मालतीने विचारलं.

“मी नाही उतरली त तुमचे साहेब उतरतीन काय, बाई? अन् तेच त म्हन्ले, पानी चांगलं हाय. तुमचे पोट्टे बी खातेत ना.”

साहेब म्हणजे मालतीचा नवरा, कारखान्यातला केमिस्ट. शिंगाडे घरात शिजवायचे नाहीत, असं त्यानेच बजावलं होतं. मालती ते दयेपोटी विकत घ्यायची आणि मागच्या दाराने उकिरड्यावर फेकायची. दूरच्या शत्रूसाठी गोळे भरताना कारखान्याने आपलंच तळं नासवलं, आणि बी.एस्सी. झालेली ती गप्प बसली. तिला नवऱ्याची किळस आली, मग स्वतःची.

तक्रार केली तर त्याची नोकरी जाईल, हे तिला कळत होतं. तरी उद्या भागीरथाबाई तळ्यावर जायच्या आत महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना, स्वतःचं नाव सांगून, पाणी तपासायला या असा फोन करायचं तिने ठरवलं.