वाऱ्याचा डोळा

काचवाल्या काकांचं काम असं, की नीट बसवलेली काच दिसायचीच नाही. म्हणून काच बसली की ते तिच्यावर खडूची मोठी फुली मारत. नाहीतर कुणीतरी घाईघाईत नाक फोडून घेणार. फुली मारली की काम झालं, मग चहा. तोंड फटकळ, पण हाताला विलक्षण सफाई.

एकुलती एक लेक मात्र शब्दांच्या मागे. कॉलेजात इंग्रजी शब्दांची कुळं शोधत बसायची. छातीचं दुखणं निघालं, तिने अंथरूण धरलं, तरी उशाशी जाडजूड कोश होताच. तिला गार वारा बाधेल म्हणून काकांनी तिच्या खोलीच्या खिडकीची दारं काढली आणि तिथे एकसंध काच बसवली, चारही बाजूंनी पुट्टी भरून. कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला जे येतं ते त्यांनी लेकीसाठी केलं, आणि इतकं चोख काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

लेक हसली. "बाबा, विंडो म्हणजे काय, माहितेय?"

"खिडकी. तेवढं इंग्रजी येतं मला."

"वाऱ्याचा डोळा. उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांचा शब्द. इंग्रजांचा स्वतःचा एक होता, डोळ्याचं भोक अशा अर्थाचा. तो मागे पडला आणि हा पाहुणा घरचा झाला. तेव्हा कुठली आलीय काच? भिंतीला नाहीतर छपराला भोक. धूर बाहेर, वारा आत." मग हळूच म्हणाली, "मला तो वारा हवाय, बाबा. थोडासाच."

"ताप उतरू दे. मी स्वतः काढतो."

डॉक्टरही म्हणाले, हवा खेळती असू द्या. काकांनी मान डोलावली आणि काच तशीच ठेवली. ती रोज विचारायची, ते रोज उद्यावर ढकलायचे. ताप काही उतरला नाही. एका सकाळी लेकच गेली.

भेटायला येणारी माणसं थांबली, घर खायला उठलं, तेव्हा काकांनी हत्यारांची पिशवी उघडली.

"आता कशाला?" काकूंनी विचारलं.

"तिला सांगितलं होतं," ते म्हणाले.

दगडासारखी झालेली पुट्टी त्यांनी पटाशीने खरवडली. काच जराही न तडकता निघाली, ती त्यांनी भिंतीला टेकवली. वारा आत आला. कोशाची पानं फडफडली, रिकाम्या पलंगावरची चादर हलली.

काकांनी सवयीने खिशातून खडू काढला आणि फुली मारायला हात उचलला. हात सरळ बाहेर गेला. तो तसाच बाहेर ठेवून, चौकटीला कपाळ लावून ते हमसून हमसून रडले.