ट्रॉलीचे मागचे दिवे

दादाला जाऊन दीड महिना झाला होता. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकल्यावर दोनच दिवसांनी मी दुकान उघडलं. भिवंडीजवळ काल्हेरच्या रस्त्याला माझं गाड्यांच्या वायरिंगचं छोटं दुकान होतं. ट्रकचे दिवे, हॉर्न, सेल्फ अशी कामं यायची. घरी बसून मला काही सुचत नव्हतं. दुकानातही सुचत नव्हतं, पण तिथे निदान हात चालायचे. लोक म्हणायचे, पोरगा खंबीर आहे. तसं काही नव्हतं. मला काही वाटतच नव्हतं. जेवताना मीठ कमी आहे की जास्त, तेही कळायचं नाही.

दादा शेलार गावात लूमच्या कारखान्यात जॉबर होता, माग दुरुस्त करायचा. दिवसपाळी सुटल्यावर मोटारसायकलने घरी यायचा. त्या संध्याकाळी विटांनी भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला उभी होती. समोरून ट्रक येत होता, त्याचा झोत डोळ्यांवर आला असणार. दादा मागून थेट ट्रॉलीवर गेला. ट्रॉलीचे मागचे दिवे बंद होते असं पंचनाम्यात लिहिलं होतं. तो कागद मी वाचला होता, ट्रॉलीचा नंबरही वाचला होता.

तोच नंबर एके दिवशी सकाळी माझ्या दुकानासमोर येऊन थांबला.

ट्रॅक्टरवरून पन्नाशीचा माणूस उतरला. पांढरा सदरा, पायजमा, डोक्याला टॉवेल. वज्रेश्वरीकडच्या एका गावचा शेतकरी. पावसाळ्यात भात करायचा आणि उन्हाळ्यात भट्टीच्या विटा वाहायचा. तो मला ओळखत नव्हता.

"मिस्त्री, ट्रॉलीचे दिवे बघा जरा," तो म्हणाला. "दोन ठिकानी दावलं. बल्ब बदलले, वायर बदलली. कधी लागतात, कधी न्हाय."

मी त्याला दुसरीकडे जा म्हणून सांगू शकलो असतो. पुढे अनेकांनी मला विचारलं की का नाही सांगितलंस. मी टेस्ट लॅम्प घेतला आणि ट्रॉलीच्या मागे गेलो.

"दिवे लावा, काका."

"लावलंय."

मागे काहीच नव्हतं. उजव्या कोपऱ्यावरचा पत्रा आत गेलेला होता, त्यावर नवा रंग मारलेला होता. मी त्या कोपऱ्यापाशी उकिडवा बसून दिव्याचं भिंग काढलं. बल्ब चांगला होता. टेस्ट लॅम्पची एक पिन बल्बच्या होल्डरला लावली आणि दुसऱ्या टोकाची चिमटी लांब वायरीने ट्रॅक्टरच्या अंगाला लावली. लॅम्प लख्ख पेटला. म्हणजे बॅटरीतून करंट इथपर्यंत येत होता. मग तीच चिमटी ट्रॉलीच्या लोखंडाला लावली. लॅम्प पेटला नाही.

तेवढ्यात मागे एक टेम्पो हॉर्न वाजवायला लागला, म्हणून मी काकांना गाडी थोडी पुढे घ्यायला सांगितलं. ट्रॅक्टरने ट्रॉली ओढली आणि माझ्या तोंडासमोर दोन्ही लाल दिवे लागले. गाडी थांबली, ट्रॉली किंचित पुढे सरकली आणि दिवे गेले.

मी त्यांना पुन्हा पुढे जायला सांगितलं. लागले. थांबायला सांगितलं. गेले. चार-पाच वेळा हेच केलं. शेवटी ते वैतागून खाली उतरले.

मी ट्रॉलीखाली शिरलो. दिव्यांतून करंट परत जायला एक अर्थची वायर लागते. ती ट्रॉलीच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्टने कसलेली होती आणि बोल्टाखालीच गंजून तुटली होती. वरचं प्लास्टिक शाबूत होतं, त्यामुळे बघणाऱ्याला वायर धड दिसायची. आता करंट परत जात होता तो फक्त ट्रॉली जोडायच्या हुकातून. ट्रॅक्टर ओढत असला की हुक ताणलेला, लोखंडाला लोखंड घट्ट. उभा राहिला की हुक ढिला, मध्ये ग्रीस आणि गंज.

मी बाहेर आलो आणि त्यांना हे समजावून सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग दुकानाच्या पायरीवर बसले.

"माज्या ट्रॉलीवर एक मानूस गेला, मिस्त्री," ते म्हणाले. "मी रेडिएटरला पानी घालाया उतरलो व्हतो. दिवे लावून उतरलो व्हतो. घरशी निघताना लेकीनं मागून बघून सांगितलं, लागल्यात म्हनून. पोलिसांनी तपासलं तर बंद. कोनी माजं ऐकत न्हाय. घरचे पन म्हनतात, खोटं बोलतोस."

"खोटं नाही बोलत तुम्ही," मी म्हणालो.

"कोर्टात सांगाल काय?"

"सांगीन," मी म्हणालो. मग म्हणालो, "तो माणूस माझा भाऊ होता."

ते उठून उभे राहिले. काय करावं त्यांना कळेना. टॉवेल काढून हातात घेतला, पुन्हा डोक्याला गुंडाळला. मी आत जाऊन नवी वायर कापली, चासीचा गंज पॉलिशपेपरने घासून लोखंड उघडं केलं आणि वायर कसली. दुसरी एक वायर ट्रॉलीच्या दिव्यांच्या प्लगमधून थेट ट्रॅक्टरच्या अंगाला नेली. यात तासभर गेला असेल. शेवटी मी त्यांना दिवे लावायला सांगितलं आणि मागे उभा राहिलो. ट्रॉली उभी होती आणि दिवे लागलेले होते. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

घरी मी वहिनीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"म्हणजे त्यांनी दिवे लावले होते," ती म्हणाली.

"हो."

"मग तसंच सांगा, भाऊजी."

भावकीला ते पटलं नाही. सख्ख्या भावाच्या मरणात समोरच्याच्या बाजूने साक्ष देतो म्हणून आमचे मोठे काका वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. दीड वर्षाने भिवंडीच्या कोर्टात माझी साक्ष झाली. सरकारी वकिलाने विचारलं, आरोपीने तुम्हाला काही देऊ केलं का? मी नाही म्हणालो. वायर कुठे तुटली होती, दिवे कधी लागत आणि कधी जात, ते सांगितलं. निकालाला मी गेलो नाही. ट्रॉलीवाले काका सुटले हे मला नंतर एका ट्रकवाल्याकडून कळलं. बरं वाटलं की वाईट, हे मी तेव्हाही तपासून पाहिलं. दोन्ही नव्हतं.

ट्रॉलीवाले काका आणि त्यांची बायको एकदा आमच्या घरी आले होते. दोघं चटईवर बसले. वहिनीने चहा केला. दादाच्या मुलीने शाळेची वही दाखवली, ती त्यांनी बराच वेळ पाहिली. काकांना वाचता येत नव्हतं हे नंतर माझ्या लक्षात आलं.

वहिनी पुढे एका लूमच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरायला लागली. दुकान मी आणखी बरीच वर्षं चालवलं. ट्रॉली आली की बल्ब बघायच्या आधी मी खाली शिरून अर्थची वायर ओढून बघायचो. बऱ्याच वेळा ती तुटलेलीच असायची.