मधूदादासाठी नेलेलं नाणं

इतक्या वर्षांनी उज्जैनला गेले ती एका नाण्यासाठी. ब्रेल लिपी तयार करणाऱ्याच्या द्विशताब्दीचं स्मारक नाणं टांकसाळीकडे नोंदणी करून मागवलं होतं. माझा आत्येभाऊ मधूदादा जन्मांध. आयुष्यभर त्याने ती लिपी वाचली, अंधशाळेत शिकवली. नाणं त्याच्या हातात मीच ठेवणार होते; पोस्ट मला मंजूर नव्हतं.

इंदूरला रेल्वेतून उतरून बस धरा, ती उज्जैनच्या नानाखेडा स्टँडवर सोडते. ऑटोचं भाडं आधी ठरवा. "महाकाल की नगरी है माताजी, जो ठीक लगे दे देना," या गोडव्याला भुलू नका. नाश्त्याला शेव घातलेले पोहे आणि जिलबी, उभ्यानेच खायचं.

कॉलेजची वर्षं मी इथे आत्याकडे काढली. मी पुस्तक मोठ्याने वाचायची, दादा जाड कागदावर टोचणीने ठिपके उठवायचा. टक टक, टक टक. मी घाई केली की म्हणायचा, "कुसुम, तू इंदूरला पोचलीस, माझा हात अजून वाटेतल्या सांवेरलाच आहे!"

वहिनींनी नाण्याच्या बंद डबीला हळदकुंकू लावलं आणि ती देवघरात ठेवली. दादाने मागून घेतली, प्लास्टिकवरून बोटं फिरवली. "गुळगुळीत आहे," म्हणाला आणि परत दिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं भैरवगढला छापील चादरी घ्यायला गेलो. कारागिराने लाकडी ठसा दादाच्या हातात दिला. "कोयरी!" दादा लगेच म्हणाला, खुशीत. घरी येताच मी देवघरातली डबी उचलली.

"आत्या, सील तुटली तर व्हॅल्यू खतम!" दादाचा मुलगा ओरडला.

"वन्सं, पूजेतलं आहे हो ते!"

"पूजा झाली," मी म्हटलं आणि सुरी लावली.

दादाचा अंगठा नाण्यावरच्या चेहऱ्यावरून हळूहळू सरकला. कपाळ, नाक, हनुवटी.

"दाढी नाही?"

"नाही."

"मला वाटायचं, ऋषीसारखी छातीपर्यंत असेल. हा तर चांगला पोरगेला आहे गं!"

"अहो, जेवण थंडं होऊन राहिलंय," वहिनी म्हणाल्या.

"थांब. आमची ओळख होते आहे."

पुण्याला परतले, चादर पलंगावर घातली. रंग पक्का आहे, खुशाल घ्या. देवळं या खेपेस राहिली, त्याची हळहळ नाही. काल फोन केला, तर दादा नाणं घेऊन शाळेत गेलेला.

"रोज नेतात," वहिनी कुरकुरल्या. "ती मुलं हात लावून लावून नाक झिजवतील त्याचं!"

"झिजू दे," मी म्हटलं.