काका कॉम्प्युटर दुरुस्त करायला आले होते

माझी मुलगी गृहपाठातली चूक खोडत होती. खोडरबराचा वास आला आणि मला कोथरूडच्या घरातली ती दुपार आठवली.

आमचा कॉम्प्युटर नुसताच बीप बीप करायचा, पडदा काळाच राहायचा. शेवटी आईने काकांना बोलावलं. आजोबांच्या घराच्या वाटणीवरून बाबा आणि ते वर्षभर बोलत नव्हते.

"सुरूच होत नाही, सांग त्यांना," बाबा मला म्हणाले. काका समोरच बसले होते.

"धूळ पुसायचीही पद्धत असते, सांग त्यांना," काका म्हणाले. त्यांनी आतली मेमरीची पट्टी काढली, तिची सोनेरी कड माझ्या खोडरबराने हळुवार घासली आणि परत बसवली. पडदा उजळला.

"झाला सुरू!" दोघे एकदमच ओरडले आणि एकमेकांकडे बघून हसले.

मग काकांनी स्कूटरची किल्ली उचलली.

"भावजी, चहा टाकलाय," आई म्हणाली.

काका दारात रेंगाळले. बाबांनी फक्त "थांब" म्हणायचं होतं. ते पडद्याकडेच बघत राहिले.

काका पुन्हा आले नाहीत. पुढच्याच वर्षी गेले. त्या दुपारी मी खुशीत गेम खेळायला बसले होते. आता डोळ्यांसमोर येतात ते खिडकीशी उभे असलेले बाबा, स्कूटर दिसेनाशी झाल्यावरही तिथेच.