नीलिमाचे सोळा सोमवार

नीलिमाला महादेव पावला, असं मार्कंड्याच्या देवस्थानाजवळच्या त्या गावात सगळ्या बाया म्हणत. सोळा सोमवार धरले अन् दहाव्यालाच बाई अकरा किलो उतरली! खरं काय ते फक्त तिला आणि तिच्या नवऱ्याला, अजयला ठाऊक होतं.

नागपूरच्या दवाखान्यात वजन घटवायला तिनं बारीक नळी जोडलेली गोळी गिळली होती. नळीतून पाणी भरून पोटात गोळीतला फुगा फुगवला, एक्स-रे काढला, नळी ओढून घेतली. "सोळा आठवड्यांनी आपोआप रिकामा होऊन पडून जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण क्वचित आतड्यात अडकतो. पोट जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, तर लगेच या. आणि खाण्याची सवय बदलली नाही, तर वजन परत येईल."

पहिले तीन दिवस मळमळीनं जीव नकोसा झाला. शेजारच्या मनकर्णाबाईंनी विचारलं, "काय व, जेवत काऊन नाई?" सोळाचा आकडा डोक्यात होताच. तोंडून निघून गेलं, "सोळा सोमवार धरले, बाई. बाकी दिवस एकवेळ."

तेव्हापासून देवळात आरतीचं ताट तिच्या हाती येऊ लागलं. पिंडीवर पाणी घालताना तिची मान वर होत नसे.

बाराव्या सोमवारी आरतीत मनकर्णाबाई मटकन खाली बसल्या. अंग घामानं थंडगार. नीलिमानं ताट खाली ठेवून घाईघाईनं गुळाचं पाणी पाजलं. जरा वेळानं त्या पुटपुटल्या, "तुह्यासारखंच करून राह्यली मी. सुगरची गोळी घेतली, जेवली नाई."

नीलिमानं तिथंच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. गोळी, नळी, फुगा, सगळं.

आरतीला आलेली रंजीता म्हणाली, "म्हंजे आमी फुग्याच्या पाया पडलो का व?" दोघीतिघी हसल्या. मनकर्णाबाई हसल्या नाहीत.

पुढच्या सोमवारी नीलिमा दाराशी, चपलांजवळ बसली. मनकर्णाबाई आल्या आणि तिथंच टेकल्या.

"मी जेवून आली. डॉक्टरनं तंबीच देल्ली. तू?"

"चार घास. फुगा हाये अजून."

"महादेवाचं नाव काऊन घेतलं व?"

नीलिमा समोरच्या चपला सरळ लावत राहिली.

आरती झाली. उठता उठता मनकर्णाबाई म्हणाल्या, "पोट दुखलं तं मले हाक मारजो. लपवू नोको."

नीलिमानं पदर डोळ्यांना लावला.