ताजं का पाकिटातलं

सई, अर्णव,

परवा फोनवर तुम्ही दोघं पिझ्झ्यावरून भांडत होतात. सईला समोर भाजलेलं चिकन हवं होतं आणि अर्णवला पाकिटातल्या गोल चकत्या. मला हसू आलं. हाच प्रश्न मी चंद्रपुरात कितीतरी संध्याकाळी गॅलरीतून ऐकला आहे. तो विचारणारी बाई आता नाही, म्हणून तुमचं भांडण ताजं असतानाच लिहून टाकते.

"ताजं पाह्यजे का पाकिटातलं?"

गिऱ्हाईक पायरी चढलं की ती विचारायची आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. पिझ्झ्याच्या दुकानात इतकं काय ते बघायचं, असं मला वाटे.

दुकान तिच्या जावयाचं, आमच्या घरासमोर. गावात पिझ्झा तेव्हा नवीनच होता. ती मूळची सावली गावाकडची. जन्मभर तळ्यातले नि वैनगंगेतले मासे विकलेली. नवरा गेल्यावर मुलगी तिला इथे घेऊन आली. येताना तिने मासे ठेवायची लाकडी पेटी आणली, आतून पत्रा मारलेली. दुकानात ती त्या पेटीवरच बसायची. आम्ही सगळे तिला सावलीवाली म्हणायचो.

"पोरीच्या घरचा फुकटचा भात माह्या घशाखाली उतरत नाई, बाई," ती मला म्हणाली होती. म्हणून पिझ्झ्यावरचं चिकन तिने स्वतःकडे घेतलं. सकाळी डोळ्यांसमोर कोंबडी कापून आणायची आणि आलं-लसूण, काळा मसाला घालून परतायची. हाडांसकट.

पहिल्याच घासाला माझ्या दाताखाली हाड आलं.

"अहो, पिझ्झ्यात हाड?"

"हड्डी नसन तं कोंबडीच हाय हे कसं समजन? पाकिटातलं कशाचं हाय, कोणी पाह्यलं?"

आमच्या वयाच्या लोकांना हे पटायचं. कॉलेजची पोरं मात्र कुरकुरायची, "आजी, टीव्हीत असं नाई दिसत." मग जावयाने नागपूरहून गोठवलेली पाकिटं आणली.

"मामी, आठ दिवस दोनी ठेवू. लोकं जे जास्त मागतीन, तेच पुढं चालवू."

"ठेवा, जवाईबुवा," ती म्हणाली. मला मात्र दोन-तीन दिवसांनी हळूच सांगितलं, "लोकं पाकीट म्हणतीन तं पेटी उचलते नं सावलीले जाते. मंग इथी काम काय माह्यं?"

तेव्हा मला तिच्या त्या बघण्याचा अर्थ कळला.

त्या आठवड्यात मी गॅलरी सोडली नाही. कोण काय मागेल याचे मनाशी अंदाज बांधायचे आणि ते सपशेल चुकायचे. मिशाळ फॉरेस्ट गार्ड पाकिटातलं मागून गेला, आणि स्कूटीवरची नखं रंगवलेली मुलगी तंगडीचा तुकडा चोखत उभी राहिली. तुम्ही असतात तर आपण पैजा लावल्या असत्या.

मग एका दुपारी लाइन गेली. वीज आमच्याच जिल्ह्यात तयार व्हायची आणि आमच्याकडचीच जायची. जावई बाहेरगावी होता. फ्रीजमधली पाकिटं घामेजू लागली तशी मुलगी रडकुंडीला आली. सावलीवाली उठली. मासळी बाजारातून रिक्षात बर्फाची लादी घेऊन आली, पेटीत धानाचा कोंडा पसरला, बर्फ फोडून त्यात पाकिटं पुरली, वर ओलं पोतं टाकलं आणि पेटीवर बसली. लाइन आली तेव्हा पाकिटं दगडासारखी होती.

मला राहवलं नाही. रस्ता ओलांडून गेले.

"अहो, ती खराब झाली असती तर तुमचंच जिंकलं असतं ना?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "काऊन वो बाई? जवाईचा माल हाय तो. आन् पाकिटातली कोंबडी काय दुश्मन हाय माही?"

आठवडा संपला. पाकीट जिंकलं, आणि चांगलंच जिंकलं. सकाळी तिने पेटी धुऊन पुसली आणि तिच्यात साड्या भरल्या. मी निरोप घ्यायला गेले होते. जावई आला, पेटीकडे पाहिलं आणि एकेक साडी काढून काउंटरवर ठेवू लागला.

"हे काऊन?" तिने विचारलं.

"उद्या लाइन गेली तं बरफ कुठी ठेवू, मामी? आन् पेटीवर बसन कोण?"

तिने उरलेल्या साड्या स्वतःच काढल्या. मग म्हणाली, "मंग कोंडा आणा नवा. तो वला झाला."

पुढे ती शेवटपर्यंत तिथेच होती. पाकिटं सांभाळायची, आणि रविवारी जावयाला न विचारता कोंबडी आणायची. तोही कधी काही म्हणाला नाही.

आता दुकानात मोठा फ्रीजर आहे, इन्व्हर्टर आहे. पेटीही आहे. तिच्यावर सावलीवालीची मुलगी बसते. रविवारी ताजं मिळतं, हाडांसकट.