साहेबांची गाडी निघाल्यावर भात

"अकराला सगळा स्वयंपाक तयार पायजे, आक्का. साहेब बाराला येणार हायेत," चेअरमन म्हणाले.

"घड्याळाच्या बाराला का साहेबांच्या?" मी विचारलं.

सिरसाळ्याजवळच्या आमच्या दूध सोसायटीचा चारावाटपाचा कार्यक्रम आमदार साहेबांच्या हस्ते होता. दुष्काळ, त्यात एप्रिलचं ऊन. मी केटरिंग करते. लोकांच्या लग्नांत भाकरी थापत सुरुवात केली, आज पातेली स्वतःची आहेत.

मागच्या कार्यक्रमात याच चेअरमननी सकाळचा भात साहेबांसाठी दुपार टळेपर्यंत झाकून ठेवायला लावला. लोकांना उलट्या झाल्या. अंबाजोगाईच्या दवाखान्यात चेअरमन सांगत फिरले, "बाईचा हातच चांगला न्हाई." माझ्या ऑर्डरी तुटल्या. यंदा पाण्याच्या टंचाईत दुसरं कोणी येईना, म्हणून माझ्याकडे आले. पुन्हा तसं झालं असतं तर माझा धंदाच बसला असता.

शिजलेला भात वाफाळता ठेवावा, नाहीतर लगेच वाढावा. मोठ्या पातेल्यात तो तासन्‌तास कोमट राहिला की जंतू वाढतात. वास येत नाही. त्यांचं विष परत गरम करूनही जात नाही.

"भात कधी घालायचा ते मी ठरवणार," मी म्हणाले. "आणि मठ्ठ्याला टँकरचं पाणी उकळून, गार करून."

"मठ्ठ्याला कावून उकळायचं? गॅस फुकट हाय का?"

"मग मठ्ठा तुमीच घुसळा."

कबूल झाले.

कार्यक्रमाच्या दिवशी बारा वाजता त्यांनी झाकण उचललं. आत नुसतं आधण.

"भात कुठाय?"

"पोत्यात."

त्यांचा चेहरा उतरला. मी साहेबांच्या ड्रायव्हरला फोन लावला. तो माझ्या बहिणीचा मुलगा. फोन स्पीकरवर ठेवला.

"मावशी, आमी बीडातच हाव. साहेब केसांना कलप लावून बसलेत. वाळल्यावर निघू."

चेअरमन खुर्चीवर बसले.

"अर्धा भात आत्ता घालते. सभासद जेवतील," मी म्हणाले. "उरलेला गाडी निघाल्यावर."

"साहेबांच्या आधी पंगत? माझी खुर्ची जाईल, आक्का."

"मागं माझं नाव गेलं, तवा तुमची खुर्ची शाबूत होती. लोकं सकाळपासून उपाशी हायेत. घालू का शेगडी बंद करू?"

मंडपातली माणसं आमच्याकडेच बघत होती. चेअरमन हळूच म्हणाले, "घाला."

पंगती उठल्या. ऊन कलल्यावर भाच्याचा फोन आला, "निघालो." मी दुसरा भात घातला आणि मंद आचेवर वाफाळता ठेवला. साहेबांच्या पानात वाफ निघत होती.

"चेअरमन, तुमच्याकडं जेवण लई गरम मिळतं," साहेब म्हणाले.

"आपली पद्धतच हाय ती, साहेब."

झारा माझ्या हातात होता. मी तो पातेल्यात ठेवला.

कोणाचं पोट बिघडलं नाही. ऑर्डरी परत आल्या. 'हात चांगला न्हाई' हे शब्द चेअरमननी अजून मागे घेतलेले नाहीत, आणि मीही ते विसरलेले नाही. पण आता प्रत्येक कार्यक्रमाला तेच येऊन विचारतात, "आक्का, ड्रायव्हर काय म्हणतोय?"

आचाऱ्याने मोठ्या माणसाच्या शब्दावर भात घालू नये. त्याच्या ड्रायव्हरच्या शब्दावर घालावा.